वाऱ्याची सावली आणि धडकेचा दोष



धर्माबादच्या स्टेशनावरून न थांबणारी एखादी मालगाडी वेगाने निघून जाते, तेव्हा काय होते ते आपण पुष्कळदा पाहिले असेल. शेवटचा डबा पुढे सरकला, की रुळांमधला पाचोळा, कागदाचे कपटे, वाळक्या मिरचीचे देठ गाडीच्या मागे धावू लागतात. जणू गाडीने त्यांना दोरी बांधून ओढत नेले आहे. तीच गोष्ट एस. टी. ची. उमरीच्या किंवा कुंडलवाडीच्या रस्त्याने आलेली बस नीट न्याहाळा. तिच्या मागच्या काचेवर धुळीचा थर बसलेला असतो. बस तर पुढे पळत असते. धूळ मागे राहायला हवी. मग ती उलट फिरून मागच्या काचेला चिकटते कशी?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरात मोटारींच्या शर्यतीतला एक मोठा डाव दडलेला आहे. त्या डावाचा, आणि त्यातून होणाऱ्या टकरींचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा याचा, आज आपण विचार करणार आहोत. कोणी विचारील, "अहो, मोटारींच्या शर्यतीशी आमचे काय देणेघेणे?" प्रश्न रास्त आहे. शर्यतीची मोटार आपल्या गावच्या रस्त्यावर येणार नाही. पण आपल्या मुलांच्या हाती मोटारसायकली आल्या आहेत, उसाच्या ट्रॉल्या आणि पोत्यांनी भरलेले ट्रक त्यांच्यापुढे चालत आहेत, आणि वाऱ्याचा कायदा शर्यतीच्या मैदानाला एक आणि धर्माबादच्या रस्त्याला दुसरा असा नाही.

प्रथम वाऱ्याचे पाहू. हवा दिसत नाही म्हणून ती काहीच नाही असे आपल्याला वाटते. पण समोरून वारा असताना सायकल चालविणाऱ्याला विचारा, तो सांगेल हवा किती जड असते ती. गाडी पुढे जाते म्हणजे ती हवा बाजूला सारीत जाते. वेग दुप्पट केला की हा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. आणि तो वेग राखण्यासाठी इंजिनाला आठपट जोर लावावा लागतो. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारीची खरी झुंज म्हणूनच दुसऱ्या मोटारीशी कमी आणि हवेशी अधिक असते.

आता बाजूला सारलेली हवा गाडीच्या पाठीमागे लगेच एकत्र येऊ शकत नाही. तिथे पोकळीसारखी जागा राहते, दाब कमी होतो, आणि त्या जागेत हवा भोवरे घेत गाडीच्याच मागे ओढली जाते. बसच्या काचेवर धूळ आणून बसविणारे ते हेच भोवरे. कडब्याच्या गंजीच्या आडोशाला उभे राहिलो तर वारा लागत नाही, पण तिथे कोणी धान्य उपणायला उभे राहत नाही. कारण तिथला वारा सरळ वाहत नाही, तो घुटमळतो. धावत्या गाडीच्या मागेही असाच चालता आडोसा असतो. त्याला आपण वाऱ्याची सावली म्हणू.

गुरुजी मंडळींना एक प्रयोग सुचवितो. एक मेणबत्ती लावा. तिच्यापुढे चार बोटांवर तळहाताएवढा जाड पुठ्ठा उभा धरा, आणि मुलाला पुठ्ठ्यावर समोरून जोराने फुंकायला सांगा. ज्योत पलीकडे झुकेल असे सारा वर्ग म्हणेल. प्रत्यक्षात ती पुठ्ठ्याकडे, म्हणजे फुंकणाऱ्याच्या दिशेने, झुकते! मग पुठ्ठ्याच्या जागी गोल बाटली ठेवून फुंका. बाटली मध्ये असूनही ज्योत विझते, कारण गोल अंगावरून हवा वळून मागे एकत्र येते. बस म्हणजे पुठ्ठा आणि मासोळी म्हणजे बाटली, एवढे मुलांच्या ध्यानात आले की पुष्कळ झाले.

या सावलीचा फायदा आपल्या महाराष्ट्रातल्या सायकलपटूंना फार दिवसांपासून ठाऊक आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, हे आपण ऐकले असेल. पण घाटापूर्वीच्या सपाट रस्त्यावर हे भावी राजे एकमेकांच्या मागे दडून चालतात. पुढचा वारा फोडतो, मागच्याची शक्ती वाचते. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होतो आणि दुसरा पुढे येतो. इर्जिकीला जसे आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या, तसेच हे. मात्र मागच्याचे पुढचे चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला जरा घासले की बहुधा मागचाच पडतो, आणि त्याच्यावर त्याच्या मागचे चौघे. लाभ मागच्याचा, आणि जोखीमही मागच्याचीच, हा पहिला धडा सायकल शिकविते.

मोटारींच्या जगात ही युक्ती गाजली ती अमेरिकेतल्या डेटोना येथे, १९६० साली. ज्युनिअर जॉन्सन नावाच्या चालकाची मोटार इतरांहून संथ होती. सराव करताना त्याच्या ध्यानात आले, की वेगवान मोटारीच्या अगदी पाठीशी राहिले तर आपली संथ मोटारही तिच्या बरोबरीने धावते. त्याने शर्यतभर हेच केले, आणि पाचशे मैलांची ती शर्यत तो जिंकला. पुढे १९७१ साली इटलीतल्या मोंझा येथे तर कमाल झाली. मोटारी एकमेकींच्या सावलीत शिरत होत्या, वेग साठवून बाहेर पडत होत्या, पुढे जात होत्या आणि पुन्हा मागे पडत होत्या. अखेरीस पीटर गेथिन सेकंदाच्या अवघ्या शंभराव्या हिश्श्याने जिंकला, आणि पहिल्या पाच मोटारी पाऊण सेकंदाच्या आत अंतिम रेषेवरून गेल्या. डोळ्याची पापणी लवावी आणि मागच्याने बाजी मारावी, असा तो खेळ.

इथवर सावलीची एक बाजू झाली. दुसरी बाजू ध्यानात आल्यावाचून दोषाचा न्याय होणार नाही.

वखराची फास जमिनीत नीट रुतावी म्हणून आपण वखरावर दगड ठेवतो. दगड नसला तर वखर वरच्यावर सरपटत जातो. शर्यतीच्या मोटारीचेही तसेच आहे. तिची चाके रस्त्याला घट्ट धरून राहिली तरच ती वळते आणि तरच ती थांबते. पण खराखुरा दगड ठेवला तर वजन वाढून वेग कमी होणार. म्हणून तिला पुढे आणि मागे पंख लावतात. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो; हा पंख उलटा बसविलेला असतो, म्हणून तो मोटारीला खाली दाबतो. हा हवेचा दगड म्हणा ना! वजन नाही, पण दाब आहे.

आता विचार करा, ही मोटार दुसरीच्या सावलीत शिरली की काय होईल? समोरचा विरोध कमी झाला, सरळ रस्त्यावर वेग वाढला, हे ठीक. पण पंखावर येणारी हवाही घुटमळणारी आणि दुबळी झाली. म्हणजे वखरावरचा दगडच कोणीतरी उचलून घेतला! सरळ रस्ता संपून वळण आले, चालकाने चक्र फिरविले, तरी पुढची चाके रस्ता धरीत नाहीत आणि मोटार वळणाबाहेर सरकू लागते. ब्रेक दाबला तरी नेहमीइतकी पकड मिळत नाही. २०२२ सालापूर्वीच्या फॉर्म्युला वन मोटारी पुढच्या मोटारीच्या मागे दहा मीटरवर आल्या, तर त्यांचा हा दाब जवळजवळ निम्म्याने कमी होत असे. म्हणून त्या वर्षी मोटारींची सारी घडणच नियमाने बदलण्यात आली.

सावली एका हाताने वेग देते आणि दुसऱ्या हाताने ताबा काढून घेते, हे आजच्या भाषणाचे सार म्हटले तरी चालेल. जो आपण होऊन सावलीत शिरतो तो हा सौदा पत्करूनच शिरतो. मग धडक झाल्यावर 'मला थांबताच आले नाही' ही सबब त्याला किती शोभेल?

पण एवढ्यावरून प्रत्येक वेळी मागचाच दोषी, असा निवाडा देऊन मोकळे होऊ नका. काही खऱ्या घटना पाहू.

२०१० साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया येथे मार्क वेबर हा वेगवान मोटारीचा चालक हेइकी कोव्हालाइनेन याच्या पाठीशी लागला होता. कोव्हालाइनेनची मोटार संथ. वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास. आपण अजून काही क्षण तरी ब्रेक लावणार नाही, म्हणून पुढचाही लावणार नाही, असा वेबरचा हिशेब. पण दुबळ्या मोटारीला वळणासाठी आधीच वेग आवरावा लागतो. कोव्हालाइनेनने आपल्या मोटारीला साजेशा जागी ब्रेक लावला, वेबर मागून आदळला, आणि त्याची मोटार हवेत उलटी होऊन गेली. दोघेही सुदैवाने वाचले. इथे पुढच्याने काही आगळीक केली नव्हती. मागच्याने पुढच्याची गाडी आपल्यासारखीच आहे असे मानले, ही चूक. उसाच्या ट्रॅक्टरमागून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याने ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी.

दुसरी घटना १९८२ सालची, बेल्जियममधल्या झोल्डरची. योखेन मास सावकाश चालला होता. मागून जील व्हिलनव्ह हा प्रख्यात चालक वाऱ्यासारखा आला. मासने त्याला वाट द्यावी म्हणून उजवीकडे घेतले. त्याच क्षणी व्हिलनव्हनेही उजवीकडूनच जायचे ठरविले. चाकाला चाक लागले, आणि व्हिलनव्हचा प्राण गेला. पाणंदीत समोरासमोर आलेले दोघे एकमेकांना वाट देण्यासाठी एकाच बाजूला सरकतात आणि हसतात. वेगात हसायला सवड मिळत नाही. मासची भावना सज्जनाची होती. पण मागचा वेगात आला असता पुढच्याने आपली वाट न सोडणे, हेच कित्येकदा खरे सौजन्य ठरते. शर्यतीच्या नियमांतही आपली जागा राखण्यासाठी पुढच्याला एकदाच बाजू बदलता येते. पुन:पुन्हा आडवे येणे हा गुन्हा मानतात.

तिसरी घटना मनाला चटका लावणारी आहे. १९७८ साली मोंझा येथे शर्यत सुरू करणाऱ्याने इशारा थोडा लवकर दिला. मागच्या रांगांतल्या मोटारी अजून पुरत्या थांबल्याही नव्हत्या. त्या वेगात पुढे आल्या आणि अरुंद जागी सगळ्यांची चेंगराचेंगरी झाली. रॉनी पीटरसन जबर जखमी होऊन दुसऱ्या दिवशी वारला. दु:ख मोठे होते, आणि दु:खाला नेहमी एक माणूस हवा असतो. रिकार्डो पात्रेसे या तरुण चालकावर सगळ्यांनी बोट ठेवले. सहकाऱ्यांनी आग्रह धरून त्याला पुढच्या शर्यतीतून वगळायला लावले. पुढे इटलीच्या न्यायालयात खटला चालला आणि तो निर्दोष ठरला. तोवर त्या तरुणाने किती सोसले असेल! गर्दीचा निवाडा लवकर होतो, म्हणून तो खरा ठरत नाही.

आणि चौथी आपल्या देशाची. नारायण कार्तिकेयन हा फॉर्म्युला वन शर्यतीत उतरलेला पहिला भारतीय, कोइमतूरचा. २०१२ साली मलेशियातल्या शर्यतीत त्याची मोटार मागे पडलेली होती, आणि विश्वविजेता सेबास्टियन वेट्टेल त्याला ओलांडून जात होता. ओलांडता ओलांडता वेट्टेलचे मागचे चाक कार्तिकेयनच्या पंखाला लागून फाटले. चौथा असलेला वेट्टेल अकरावा आला. संतापून तो कार्तिकेयनला नाही नाही ते बोलला, आणि वर्तमानपत्रांतून शब्दाला शब्द वाढला. आपण कडेला ओल्या भागात होतो, वाट दिलीच होती, असे कार्तिकेयनचे म्हणणे. पंचांनी वीस सेकंदांचा दंड ठोठावला तो कार्तिकेयनला. आपला माणूस म्हणून आपल्याला हे टोचते. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे: पंचांनी निर्णय दिला तो टकरीचा, शिव्यांचा नव्हे. कोण मोठा, कोण जोराने ओरडला, कोणाचे नुकसान अधिक झाले, हे तीनही प्रश्न दोष ठरविताना बाजूला ठेवावे लागतात.

मग विचारावयाचे काय? शर्यतीचे पंच चित्रफीत पुन:पुन्हा पाहून जे शोधतात, त्याचे मर्म आपल्या भाषेत तीन प्रश्नांत सांगता येईल. कोणाला समोरचे दिसत होते? कोणाच्या हाती दुसरा मार्ग होता? आणि कोणी असे काही केले, की जे दुसऱ्याला आधी ओळखता येणे शक्यच नव्हते? एकाच्या पदरात पूर्ण किंवा बहुतांश दोष स्पष्टपणे पडत नसेल, तर ती शर्यतीतली घटना मानून कोणालाच दंड होत नाही. दोष नेहमी एकाच ताटात वाढला पाहिजे असे नाही.

आपली न्यायालयेही याच वाटेने जातात. पुढच्या ट्रकच्या अवघे दहा-पंधरा फूट मागून जाणारी एक मोटार ट्रकवर आदळली. त्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मागच्याला पुरेसे अंतर न राखल्याचा दोष दिला. आता याच्या जोडीला २०२५ सालचा निकाल ठेवा. योगायोग असा की हेही प्रकरण कोइमतूरचेच. एक विद्यार्थी मोटारसायकलवरून जात होता. महामार्गावर पुढची मोटार एकाएकी थांबली. तो तिच्यावर आदळून पडला, आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. पाय कापावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने दोषाची वाटणी अशी केली: इशारा न देता महामार्गावर एकाएकी थांबणाऱ्या मोटारचालकाचा निम्मा, म्हणजे शेकडा ५०, बसवाल्याचा ३०, आणि अंतर न राखणाऱ्या, वैध परवाना नसलेल्या त्या विद्यार्थ्याचा २०. जितका दोष स्वत:चा, तितका हिस्सा भरपाईतून वजा होतो. पाय गेला तो पूर्ण गेला. पैसे मात्र शंभरातले ऐंशीच.

मंडळी, आता आपल्या रस्त्यावर या. रात्रीची वेळ आहे. पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरने चालला आहे. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. मोटारसायकल साठच्या वेगाने येते. दोघांतले अंतर सेकंदाला अकरा मीटरने तुटते. पन्नास मीटरवर ट्रॉली दिसली, तर हाती साडेचार सेकंद. वीस मीटरवर दिसली, तर दोनही नाहीत. धडक झाली तर आपण काय म्हणतो? 'पोरगा बेफाम होता', किंवा 'मोठी गाडी ना, तिचाच दोष', आणि ट्रॅक्टरवाल्याला मारायला धावतो. पण आधी ते तीन प्रश्न विचारा. दिवाच नसेल, तर मागच्याने पाहावे तरी कसे? आणि दिवा, पट्टी सारे असून पोराने मोबाइलकडे पाहिले असेल, तर ट्रॅक्टरवाल्याने काय करावे?

दिवसाचा धोका निराळा. समोरून वारा असला, की मोटारसायकलवाले ट्रकच्या पाठीशी चिकटतात. बरे वाटते, वारा लागत नाही, पेट्रोलही थोडे वाचते. पण ताशी साठच्या वेगात पाच मीटर मागे राहिलात, तर तुमच्या आणि ट्रकच्या मध्ये सेकंदाचा तिसरा हिस्साही नसतो. पुढचा लाल दिवा लागला हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. म्हणजे कळण्याआधीच धडक. शिवाय ट्रकच्या आड रस्त्यातला खड्डा दिसत नाही, बैल दिसत नाही. आणि ओलांडायला बाहेर पडलात, की सावली एकदम संपते आणि बाजूचा वारा थोबाडीत मारल्यासारखा येतो. हलकी गाडी हातभर सरकते, आणि समोरून दुसरा ट्रक येत असला तर तेवढा हातभर पुरतो.

उपाय सोपा आहे, मुलांनाही शिकविता येईल असा. पुढची गाडी एखाद्या लिंबाच्या झाडापाशी पोचली, की मनात म्हणा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. तेवढे म्हणून होण्याआधी तुम्ही त्या झाडापाशी पोचलात, तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरा. पावसात आणि रात्री आणखी दोन आकडे वाढवा. ट्रॅक्टरवाल्यांनी ट्रॉलीला मागे लाल दिवा आणि चमकती पट्टी लावावी. ऊस बाहेर लोंबत असेल तर ती झाकली जाणार नाही अशा जागी लावावी. थांबायचे झाले तर आधी इशारा द्यावा, रस्त्याच्या पूर्ण खाली उतरावे, आणि मगच चाक खोलावे.

शिक्षकांना एक विनंती. मेणबत्तीचा प्रयोग झाला की वर्गात एक छोटे न्यायालय भरवा. रस्त्यावरची एखादी कल्पित धडक सांगा, दोन मुले दोन्ही चालकांची बाजू मांडू देत, आणि बाकीचा वर्ग शंभर गुणांची वाटणी करू दे. प्रत्येकाने आपली वाटणी कारणासह सांगावी, एवढीच अट. विज्ञानाचा आणि नागरिकशास्त्राचा तास एकाच वेळी होईल, आणि उद्या गावात खरी धडक झाली, तर दगड उचलण्याआधी ही मुले प्रश्न विचारतील. आधी जखमीला दवाखान्यात नेतील आणि मग पंचनाम्यात पाहिले तेवढेच सांगतील, ऐकले ते नव्हे.

दुसऱ्याच्या आडोशाने चालण्यात पाप नाही. वारा फोडणारा कोणीतरी पुढे लागतोच. पण ज्याच्या सावलीत आपण चालतो, त्याच्यापासून किती अंतर राखायचे हे ठरविणे मागच्याच्या हाती असते; आणि आपल्या मागे कोणीतरी आहे, याची आठवण ठेवणे पुढच्याच्या.